डीव्हीडीनंतरची पायरी: साधी ब्लू-रे की ४के डिस्क?

ज्यांच्या कपाटात डीव्हीडींच्या दोन-तीन रांगा आहेत, ज्यांच्या घरी आता मोठा ४के टीव्ही आला आहे आणि त्या टीव्हीवर आपलेच आवडते चित्रपट एकाएकी धुरकट का दिसू लागले, हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. स्ट्रीमिंगचा विचार मी यात केलेला नाही. चित्रपट स्वतःच्या संग्रही, हाताशी असावा असे ज्याला वाटते, त्याचाच प्रश्न इथे घेतला आहे. त्याच्यासमोर आज दोन वाटा आहेत. एक १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचे, चित्र देणाऱ्या साध्या ब्लू-रेची आणि दुसरी २०१६ पासून मिळू लागलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेची, जिला आपण सगळे ४के डिस्क म्हणतो. मला हा निर्णय दोनदा घ्यावा लागला. आधी डीव्हीडीवरून ब्लू-रेवर आलो, काही वर्षांनी ४के डिस्क घेऊ लागलो, आणि आता दोन्ही प्रकार एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर, घरातल्या त्याच माणसांसोबत पाहतो. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात मोजमापापेक्षा अनुभव जास्त आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

सुरुवातीला एक भीती बाजूला सारायला हवी, कारण ती अजूनही अनेकांच्या बोलण्यात येते: ‘आज घेतले आणि उद्या तो प्रकारच बंद पडला तर?’ या भीतीला कारण आहे. २००६ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन एचडी डिस्क बाजारात आल्या होत्या, तोशिबाच्या पुढाकाराने आलेली एचडी डीव्हीडी आणि सोनीसह अनेक कंपन्यांचा पाठिंबा असलेली ब्लू-रे. दोन्हींचा निळसर-जांभळा लेझर ४०५ नॅनोमीटरचाच होता आणि पडद्यावरचे चित्र पाहून कोणती डिस्क चालू आहे हे सांगणे जवळजवळ अशक्य होते. फरक होता तो डिस्कच्या पोटात. एचडी डीव्हीडीने माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल ठेवला, त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे बदल करून ती बनवता येत होती, पण एका थरात १५ जीबीच मावत होते. ब्लू-रेने तो थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर आणला, एका थरात २५ जीबी बसवले आणि त्या बदल्यात ओरखड्यांपासून वाचवणारा कठीण लेप देण्याची जबाबदारी घेतली. स्टुडिओ दोन गटांत विभागले गेले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असल्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. मी त्या दोन वर्षांत काहीही न घेता थांबलो होतो. माझ्या एका स्नेह्यांनी मात्र उत्साहाने एचडी डीव्हीडीचा प्लेअर आणि पंचवीस-तीस डिस्क घेतल्या होत्या. तो प्लेअर त्यांनी अजून जपून ठेवला आहे, कारण तो बिघडला तर त्या डिस्क लावायला दुसरा नवा प्लेअर मिळणार नाही.

तेव्हा थांबणे योग्य होते. आज त्या कारणासाठी थांबण्याची गरज मला दिसत नाही, कारण साधी ब्लू-रे आणि ४के डिस्क ही एकाच घराण्यातली थोरली-धाकटी आहेत. ४के प्लेअरमध्ये ब्लू-रे चालते आणि डीव्हीडीही चालते. २००६ साली घेतलेली ब्लू-रे आज नव्या प्लेअरमध्ये घातली तरी सुरू होते. ४के डिस्कच्या आत मात्र एक लहानसा वाद शिल्लक आहे, तो एचडीआरचा, म्हणजे उजेड-काळोखाचा आणि रंगांचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा. त्याचे तीन प्रकार आहेत: एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+. पण ज्या डिस्कवर एचडीआर आहे तिच्यावर एचडीआर१० असावेच लागते, बाकीचे दोन ऐच्छिक आहेत. त्यामुळे तुमच्या टीव्हीला डॉल्बी व्हिजन कळत नसले तरी चित्र दिसतेच. एचडी डीव्हीडीसारखे हात रिकामे राहण्याची वेळ इथे येत नाही.

डीव्हीडीवरून वर जावे की नाही, या प्रश्नावर मी फार वेळ घेणार नाही, कारण माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही: जावे. ४के टीव्हीवर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. ७२० बाय ५७६ ची डीव्हीडी लावली की तिच्या एकेका पिक्सेलवरून टीव्हीला जवळपास वीस पिक्सेल स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात, आणि धुरकटपणा येतो तो तिथून. जुन्या लहान टीव्हीवर हे जाणवत नव्हते. ब्लू-रेच्या बाबतीत हे गणित फार सोयीचे आहे, तिच्या १०८० ओळींची दुप्पट म्हणजे ४के टीव्हीच्या २१६० ओळी, आणि रुंदीही दुप्पट, म्हणजे एका पिक्सेलचे नेमके चार. फरक सर्वांत जास्त दिसतो तो लांबून घेतलेल्या दृश्यांत. डीव्हीडीवर गर्दीतल्या मागच्या माणसांना चेहरेच नसतात. ब्लू-रेवर त्या प्रत्येकाचा भाव दिसतो. वर्षानुवर्षे पाहिलेल्या एका चित्रपटात मागे उभा असलेला माणूस सगळा वेळ नायिकेकडेच पाहतो आहे, हे मला ब्लू-रे घेतल्यावर कळले. मात्र सगळा संग्रह पुन्हा विकत घेण्याची गरज नाही. ज्या मालिका मुळातच जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाल्या आहेत, त्यांच्यात वाढवण्यासारखा तपशीलच नसतो. मी स्वतः पाचातली जेमतेम एक डीव्हीडी बदलली आणि बाकीच्यांबद्दल मला खंत नाही.

खरा विचार सुरू होतो तो पुढच्या पायरीवर.

४के डिस्कची बाजू आधी मनापासून मांडतो, कारण तिचे गुण खरे आहेत. नावात ‘४के’ असले तरी माझ्या दृष्टीने तिचा मोठा गुण रेझोल्यूशन हा नाही. आमच्या बैठकीत सोफा टीव्हीपासून ज्या अंतरावर आहे, तिथून साध्या ब्लू-रेतला आणि ४केतला बारकाव्यांचा फरक मला बहुतेक चित्रपटांत ओळखता येत नाही. उठून दोन पावले पुढे गेलो तर येतो. शिवाय २००० नंतरच्या दशकातले आणि त्यापुढचेही कितीतरी चित्रपट संपादनानंतर २के मध्येच, म्हणजे साधारण १०८०पी इतक्याच तपशिलात, पूर्ण केले गेले होते, म्हणजे त्यांची ४के डिस्क हे २के प्रतीचे मोठे केलेले रूप असते. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होऊन आता नव्याने ४के मध्ये स्कॅन केलेल्या जुन्या चित्रपटांत मात्र लाभ दिसतो. फिल्मचे कण बारीक, सजीव दिसतात. साध्या ब्लू-रेवर तेच कण कधी कधी किंचित दाट, वाळूसारखे होतात.

तिचा मोठा गुण आहे रंग आणि प्रकाश. साध्या ब्लू-रेत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, ४के डिस्कमध्ये १०२४. संध्याकाळचे आभाळ केशरीकडून निळ्याकडे जाते तेव्हा ब्लू-रेवर मधे जे पट्टे दिसतात ते ४केवर नाहीसे होतात. मेणबत्तीची ज्योत नुसता पांढरा ठिपका न राहता ज्योत वाटते, आणि तिच्याभोवतीचा काळोख तिच्यामुळे राखाडी होत नाही. पहिल्यांदा मी रात्री अकरानंतर, सगळे दिवे मालवून, एकटाच ४के डिस्क पाहायला बसलो होतो. पावसात भिजलेल्या रस्त्यावर गाडीचे दिवे पडले तेव्हा माझे डोळे नकळत बारीक झाले. त्या रात्री कोणी विचारले असते तर मी साधी ब्लू-रे घेऊच नका असे सांगितले असते.

पण चित्रपट आमच्या घरी रात्री अकरानंतर एकट्याने पाहिले जात नाहीत. ते पाहिले जातात रविवारी दुपारी, सगळ्यांनी मिळून, एका बाजूच्या खिडकीतून उजेड येत असताना. पुढच्याच रविवारी मी तीच डिस्क मोठ्या हौसेने सर्वांना दाखवायला लावली. दहाव्या मिनिटाला घरातले एक दृश्य आले, दोन माणसे कंदिलाच्या उजेडात बोलत होती, आणि आई म्हणाली, ‘कोण बोलतंय ते? मला तोंडच दिसत नाहीये.’ मी रिमोट उचलून ब्राइटनेस वाढवायला गेलो. बॅकलाइट आधीच शंभरावर होता, कॉन्ट्रास्टही शंभरावर. टीव्हीने एचडीआरचा संकेत ओळखून दोन्ही आपणहून टोकाला नेऊन ठेवले होते आणि माझ्या हातात वाढवण्यासारखे काही उरले नव्हते. ब्राइटनेस नावाचा जो आकडा होता तो वाढवल्यावर काळा रंग राखाडी झाला, चेहरे होते तिथेच राहिले. मी पडदा ओढला. थोडे बरे झाले. मग पूर्ण अंधार करू का असे विचारले, तर आई नको म्हणाली. अंधारात मधेच उठायचे तर तिला पाय अडखळण्याची भीती वाटते, आणि ते योग्यच आहे.

हा टीव्हीचा बिघाड असावा असे मला वाटले होते. तो बिघाड नाही. साध्या ब्लू-रेवरच्या चित्रात उजळपणा सापेक्ष असतो. स्टुडिओत त्याचे रंग ठरवताना पांढरा म्हणजे साधारण १०० निट्स (निट हे उजळपणाचे एकक) असा हिशेब धरलेला असतो, पण घरचा टीव्ही त्या आकड्याला बांधलेला नसतो. दिवसा आपण बॅकलाइट वाढवतो आणि अख्खे चित्र, चेहऱ्यांसकट, वर उचलले जाते. एचडीआरची मांडणी वेगळी आहे. २०१४ साली प्रमाणित झालेल्या, पीक्यू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्रात, म्हणजे डिस्कवरचे आकडे उजळपणात बदलणाऱ्या सूत्रात, प्रत्येक मूल्याचा अर्थ ठरावीक निट्स असा असतो, थेट १०,००० पर्यंत. रंग ठरवण्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून कोणी तो चेहरा २० निट्सवर ठेवला असेल, तर टीव्हीने तो २० निट्सवरच दाखवावा अशी अपेक्षा असते, मग तुमच्या खोलीत दुपार असो की मध्यरात्र. त्यातच चित्रपट १,००० किंवा ४,००० निट्सच्या मॉनिटरवर तयार झालेला असतो, आणि मध्यम प्रतीच्या टीव्हीची धाव त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही. ती दरी भरण्यासाठी टीव्ही वरचा उजेड दाबतो, आणि काही टीव्ही तो दाबताना मधला उजेडही खाली ओढतात. परिणाम असा की नव्या, महाग, अधिक क्षमतेच्या डिस्कवरचे चित्र उजेडाच्या खोलीत जुन्या डिस्कपेक्षा काळोखे दिसते. चित्रपटाची उपशीर्षके मात्र त्याच वेळी डोळ्यांत खुपतील इतकी लख्ख असतात. काही प्लेअरमध्ये ती मंद करण्याची सोय असते, माझ्या पहिल्या प्लेअरमध्ये नव्हती.

त्या दुपारी काय केले ते सांगतो. ४के चित्रपटाच्या डबीत अनेकदा दोन डिस्क असतात, एक ४के आणि दुसरी त्याच चित्रपटाची साधी ब्लू-रे. त्या डबीतही होती. मी ती दुसरी डिस्क लावली, टीव्ही नेहमीच्या स्थितीत आला, बॅकलाइट दोन घरे वाढवला आणि कंदिलाच्या उजेडातले ते दोघे समोर दिसू लागले. चित्रपट संपेपर्यंत कोणीही काही विचारले नाही. त्यानंतर मी उपाय बरेच केले. टीव्हीतला खोलीच्या उजेडानुसार चित्र सावरणारा पर्याय सुरू केला. काही दृश्यांत उपयोग झाला, पण मधूनच चित्र आपोआप उजळे आणि मंदावे, आणि ते अधिक त्रासदायक होते. पुढे प्लेअर बदलला तेव्हा एचडीआरचे साध्या चित्रात रूपांतर करणारा प्लेअर मुद्दाम निवडला. त्याने पुष्कळ भागते, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण मग माझ्या मनात प्रश्न उभा राहिला की ज्या गुणासाठी ४के डिस्क घ्यायची तोच गुण प्लेअरकडून काढून टाकायचा असेल, तर ती घेण्याचे कारण काय? दोन-तीन वर्षांनी सहज लक्षात आले की घरातल्या ४के डब्यांपैकी बहुतेकांतली दुसरी डिस्कच जास्त वेळा प्लेअरमध्ये गेली आहे.

हे सगळे माझ्या खोलीपुरते आणि माझ्या मध्यम प्रतीच्या टीव्हीपुरते खरे आहे, असे म्हणण्यास माझी हरकत नाही. ज्यांच्याकडे चित्रपटासाठी अंधार करता येईल अशी स्वतंत्र खोली आहे, किंवा भर उजेडातही एचडीआर पेलणारा प्रखर टीव्ही आहे, त्यांनी ४के डिस्क निःशंकपणे घ्यावी. ओएलईडी टीव्ही (ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) आणि रात्रीची वेळ असा योग असेल तर मी स्वतः आजही ४केच लावतो.

बाकीच्या बाबी यापुढे लहान आहेत, तरी त्यांचे वजन कोणत्या पारड्यात पडते ते सांगायला हवे. प्रदेशबंदीच्या, म्हणजे एका भागात विकलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू न देण्याच्या, बाबतीत ४के डिस्क स्पष्टपणे सरस आहे. साध्या ब्लू-रेसाठी जग तीन भागांत वाटलेले आहे: अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ‘ए’ मध्ये, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’ मध्ये, तर भारत, चीन, रशिया ‘सी’ मध्ये. ही बंदी घालायची की नाही हे प्रकाशक ठरवतो आणि अनेक डिस्क तिन्ही भागांत चालतात, पण जुन्या चित्रपटांच्या जतन-आवृत्त्या काढणारे लहान प्रकाशक हक्कांच्या अटींमुळे ती बहुधा घालतात. एका चित्रपटाची फार शोधून मागवलेली ब्लू-रे माझ्याकडे न चालता पडून आहे. ४के डिस्कला अशी प्रदेशबंदी नाही. विशेष म्हणजे हरलेल्या एचडी डीव्हीडीलाही ती नव्हती, आणि त्या एका मुद्द्यावर मला ती डिस्क जिंकायला हवी होती असे अजूनही वाटते.

आवाजाच्या बाबतीत दोन्ही प्रकारांना कोणताही अंश न गमावणारा ध्वनी साठवता येतो, आणि डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, हाही दोन्हींवर शक्य आहे. तरी काही स्टुडिओ ॲटमॉस फक्त ४के डिस्कवर देतात आणि सोबतच्या ब्लू-रेवर साधा ५.१ किंवा ७.१ ट्रॅक ठेवतात. ज्यांच्या छताला स्पीकर आहेत त्यांना हे खुपेल. टीव्हीखाली साउंडबार ठेवणाऱ्याला फरक पडू नये.

विश्वासार्हतेत ब्लू-रे मला उजवी वाटली. ४के डिस्कमध्ये तीन थर घालून १०० जीबीपर्यंत माहिती बसवलेली असते आणि अशा डिस्क काही प्लेअरवर मधेच अडखळतात. माझ्याकडे दोन चित्रपट तास-सव्वा तासाने गोठले होते. दोन्ही वेळा डिस्कवर बोटाचा पुसटसा ठसा होता, आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसल्यावर त्या चालल्या. त्याहून स्पष्ट ठसे असलेल्या साध्या ब्लू-रे मात्र न कुरकुरता चालत आल्या आहेत.

प्लेअर घेताना मात्र माझा सल्ला वेगळा आहे, आणि तो वरच्या मताशी विसंगत वाटू नये. डिस्क साध्या घ्यायच्या ठरल्या तरी प्लेअर शक्य असेल तर ४केचा घ्यावा. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या कमी होत चालल्या आहेत. जाणकारांच्या आवडीच्या ओपोने २०१८ मध्येच हे काम थांबवले. चांगला प्लेअर मिळतो आहे तोवर तिन्ही प्रकार वाचणारा एकच घेऊन ठेवणे शहाणपणाचे वाटते. घेताना त्यात एचडीआरचे साध्या चित्रात रूपांतर करण्याची सोय आहे का आणि उपशीर्षकांचा उजळपणा कमी करता येतो का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. घरात गेम कन्सोल असेल तर वेगळा प्लेअर लागेलच असे नाही, पण प्लेस्टेशन ४ मध्ये, अगदी त्याच्या प्रो आवृत्तीतही, ४के डिस्क चालत नाही; डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये आणि एक्सबॉक्स वन एस मध्ये चालते.

मी स्वतः आता नव्या चित्रपटांसाठी साधी ब्लू-रेच घेतो. ज्या जुन्या चित्रपटांचे नव्याने ४के स्कॅन झाले आहे आणि ज्यांच्यावर माझे विशेष प्रेम आहे, तेवढ्यांचीच दोन डिस्कची डबी घेतो. घेण्याआधी डबीची मागची बाजू नीट वाचतो, कारण सोबतची ब्लू-रे कधी नव्या स्कॅनवरून केलेली असते, तर कधी दहा-बारा वर्षांपूर्वीचीच डिस्क पुन्हा घातलेली असते. तिच्यावर नव्या पुनर्संस्करणाचा स्पष्ट उल्लेख असेल तर घेतो; नसेल तर ती नवी ब्लू-रे स्वतंत्रपणे निघेपर्यंत थांबतो, आणि रविवारी दुपारी कपाटातली जुनीच लावतो.